दुकानाच्या पेजांचा आठ-अ



वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी दोन घटका बसून एखादा अपरिचित विषय समजून घ्यावा, अशी सवय महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांना लागली आहे. त्या सवयीच्या भरवशावरच आम्ही आज एक रुक्ष वाटणारा विषय आपल्यापुढे मांडीत आहोत. एखाद्या व्यवसायाची समाजमाध्यमांत जी पेजेस असतात, त्यांची यादी मागण्याचे एक साधन असते. ते साधन कसे चालते, आणि ते वापरणाऱ्यासाठी जी माहितीपुस्तिका लिहावी लागते तीत काय असावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. पेज म्हटल्याबरोबर तांदळाची पेज आठवणारी मंडळी पनवेलमध्ये अजून पुष्कळ आहेत. त्यांनी क्षमा करावी. बाजारात हाच शब्द रूढ झाला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरू.

एका दुकानाची हकीकत

आमची ही खटपट सुरू झाली ती एका दुकानामुळे. मिरची गल्लीपासून हाकेच्या अंतरावर हे दुकान आहे. मसाले, पापड, फराळाचे जिन्नस असा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. पूर्वी दुकानाची पाटी एकच असे, ती दारावरची. ती रंगविणारा पेंटर ओळखीचा, आणि पाटी कोणाची असा प्रश्नच कधी उद्भवत नसे. १८७२ साली पनवेलीस स्थापन झालेल्या धूतपापेश्वरचे नाव देशभर गेले, तेव्हा फोनवरची पाटी ही वस्तूच नव्हती. आता काळ पालटला. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल आणि जुने गाव १ ऑक्टोबर २०१६ पासून एका महानगरपालिकेत आले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानांची ये-जा सुरू झाली. इथे नव्याने राहावयास आलेला माणूस वडाळे तलाव कोणत्या बाजूस हेही फोनला विचारतो. मग दुकान तो दारावरच्या पाटीवरून कसे शोधणार?

या दुकानाचा व्यवहार आता घरची सून पाहते. एका दिवाळीत तिच्या ध्यानात आले की नेहमीची गिऱ्हाइके फराळाची मागणी नोंदवावयास फोनच करीत नाहीत. चौकशी करता उलगडा झाला. दुकानाच्या नावाच्या एका फेसबुक पेजवर जुना दूरध्वनी क्रमांक होता. तो क्रमांक बंद पडून कधीच दुसऱ्या कोणा गृहस्थाकडे गेला होता, आणि ते गृहस्थ चकलीची चौकशी करणाऱ्यांना रागावून फोन ठेवीत होते. गिऱ्हाइके तो राग दुकानाच्या खाती जमा करीत होती. काहींनी तर पेजवर तसे लिहूनही ठेवले होते. क्रमांक बदलावा म्हटले तर त्या पेजची किल्ली घरात कोणाकडेच नव्हती.

आमच्याकडे येऊन तिने जो प्रश्न विचारला तो असा : "आमच्या नावाची पेजेस आहेत तरी किती, आणि ती आहेत कोणाच्या हातात?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधे नव्हते. ओळखीच्या दोन तरुणांनी असल्या याद्या काढून देणारे एक लहानसे साधन बांधले होते. त्याची माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. पुस्तिका अर्धी झालेली असतानाच हे दुकान पुढे आले, आणि आमच्या मजकुरात काय राहून गेले आहे ते आम्हांला कळले.

खिडकी आणि अर्ज

या साधनाच्या मुळाशी जी व्यवस्था आहे तिला एपीआय म्हणतात. नावाने बिचकून जाण्याचे कारण नाही. पूर्वी जमिनीचा उतारा हवा असला की माणूस तलाठ्याच्या चावडीवर जाई. तलाठी दप्तर आपल्या हाती देत नसे. गाव, गट क्रमांक आणि उताऱ्याचा प्रकार ठरलेल्या रीतीने सांगावयाचा, आणि नक्कल घेऊन यावयाचे. दप्तर आत कसे लावले आहे याच्याशी आपणांस कर्तव्य नसे. एपीआय ही अशीच खिडकी आहे. फरक इतकाच की खिडकीशी उभा राहून विचारणारा माणूस नसतो, दुसरे यंत्र असते. यंत्राला अदमास कळत नाही, म्हणून अर्जातले एक अक्षर चुकले तरी अर्ज परत येतो. त्यामुळेच या खिडकीवर काय विचारता येते, कसे विचारावे आणि काय मिळते, हे कोणीतरी लिहून ठेवावे लागते. त्या लेखनाला आम्ही माहितीपुस्तिका म्हणतो.

ही लेखनाची परंपराही आजकालची नव्हे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक नावाचे गणकयंत्र चालू झाले. त्याच्यासाठी विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. वारंवार लागणाऱ्या आकडेमोडीचे तयार तुकडे त्यांनी एका संग्रहात ठेवले होते, आणि कोणत्या तुकड्याला काय द्यावे व तो काय परत देतो हे त्या पुस्तकात तुकड्यागणिक नोंदले होते. दुसऱ्याने बांधलेले यंत्र आत न डोकावता वापरता यावे, यासाठी लिहिलेले वर्णन हाच माहितीपुस्तिकेचा गाभा. तो तेव्हा होता तसाच आज आहे.

फेसबुकने व्यवसायांसाठी पेजेस सुरू केली ती नोव्हेंबर २००७ मध्ये. ग्राफ एपीआय नावाची खिडकी तिने एप्रिल २०१० मध्ये उघडली. पेजांची यादी याच खिडकीतून मिळते.

आठ-अ म्हणजे काय

पनवेल आणि उरण या तालुक्यांतील लोकांना उताऱ्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, भूसंपादन सुरू झाले, पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. या सगळ्या काळात सात-बारा आणि आठ-अ हे शब्द घरोघरी बोलले गेले. सात-बारा एका गटाची हकीकत सांगतो : ही जमीन किती, कोणाची, तीत पीक काय. आठ-अ याच्या उलट बाजूने जातो. तो खातेदाराला धरून चालतो, आणि या खातेदाराची या गावात कोणकोणती जमीन आहे ते एका कागदावर दाखवितो.

दुकानाच्या सुनेला हवा होता तो पेजांचा आठ-अ. एकेक पेज उघडून पाहणे म्हणजे सात-बारा पाहणे. दुकानाची म्हणून जेवढी आहेत तेवढी एका कागदावर मागणे म्हणजे आठ-अ मागणे. उपमा अशी सोयीची आहे. परंतु ती एका जागी थांबते, आणि नेमक्या त्याच जागी लोक फसतात. सरकारी आठ-अ खातेदाराच्या नावावरून निघतो, आणि तो कोणालाही पाहता येतो. फेसबुकची यादी दुकानाच्या नावावरून निघत नाही. ती विचारणाऱ्यावरून निघते.

प्रश्नातला 'मी'

फेसबुकच्या खिडकीवर हा प्रश्न विचारण्याचा पत्ता दोन शब्दांचा आहे : 'मी' आणि 'अकाउंट्स'. यातला 'मी' इंग्रजी आहे. पण योगायोग असा की मराठी कानालाही त्याचा अर्थ बरोबर लागतो. प्रश्नाचा अर्थ होतो, "मी ज्या पेजांवर काही काम करू शकतो ती पेजेस कोणती?" यात दुकान कोठेच नाही. प्रश्न सुनेने विचारला तर तिच्या हातची पेजेस येतील, पुतण्याने विचारला तर पुतण्याच्या हातची येतील. दुकान एकच असले तरी दोन याद्या वेगळ्या होतील, आणि त्या दोन्ही खऱ्या असतील.

आमच्या अर्धवट पुस्तिकेत पहिले वाक्य होते, "हे साधन आपल्या व्यवसायाची सर्व पेजेस दाखविते." ते आम्ही खोडले. त्या जागी लिहिले, "ज्या व्यक्तीच्या खात्याने आपण प्रवेश केला असेल, त्या व्यक्तीला ज्या पेजांवर काम करण्याचा अधिकार आहे, तेवढीच पेजेस हे साधन दाखविते." वाक्य लांबले, पण खरे झाले.

'मी' कोण हे यंत्राला कळावे म्हणून अर्जासोबत एक टोकन द्यावे लागते. बँकेत किंवा दवाखान्यात टोकन मिळते, त्यापेक्षा हे जरा वेगळे. ते एक लांबलचक अक्षरमालिका असते. हा अर्ज अमुक व्यक्तीच्या संमतीने आला आहे, आणि तिने अमुक इतकीच परवानगी दिली आहे, असे त्यातून सिद्ध होते. पेजांची यादी पाहण्याची परवानगी निराळी मागावी लागते. तिचे नाव 'पेजेस शो लिस्ट'. व्यक्तीने प्रवेश केल्यावर प्रथम मिळणारे टोकन एक-दोन तासच चालते. ते बदलून घेतले तर सुमारे साठ दिवस चालते. मुदत संपली की खिडकी १९० क्रमांकाची चूक कळवून अर्ज परत करते. हा क्रमांक पुस्तिकेत दिलाच पाहिजे, आणि त्यापुढे "पुन्हा प्रवेश करा" हे तीन शब्दांचे सोपे उत्तरही दिले पाहिजे. नाहीतर दुकानदार समजतो की आपले पेजच बुडाले.

यादीत काय येते

अर्ज बिनचूक असला की उत्तर येते. त्यात प्रत्येक पेजसाठी काही रकाने भरलेले असतात : पेजचा क्रमांक, त्याचे नाव, व्यवसायाचा वर्ग, त्या पेजपुरते एक टोकन, आणि विचारणाऱ्याला तेथे कोणती कामे करता येतात त्यांची जंत्री.

यातला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. त्यात निरनिराळी कामे लिहिलेली असतात : आकडे पाहणे, जाहिरात देणे, लोकांच्या प्रतिक्रिया हाताळणे, मजकूर घालणे, आणि संपूर्ण व्यवस्थापन. एखाद्याचे नाव पेजशी जोडलेले आहे एवढ्यावरून तो मालक ठरत नाही. शेत कसतो तो आणि ज्याच्या नावावर आहे तो, हे दोघे निराळे असू शकतात हे आपण जाणतोच. पेजवर रोज फोटो घालणाऱ्या माणसाकडे व्यवस्थापनाचा अधिकार नसेल, तर त्याला उद्या कोणीही एका क्षणात दूर करू शकते, आणि तो स्वतः मात्र कोणाला आत घेऊ शकत नाही.

हाच भेद फेसबुकने व्यवसायांच्या पातळीवरही केला आहे. एखादी संस्था आपली पेजेस एका व्यावसायिक खात्याखाली ठेवते, तेव्हा त्या खात्याच्या दोन वेगळ्या याद्या मागता येतात. एक स्वतःच्या मालकीच्या पेजांची, दुसरी गिऱ्हाइकांच्या पेजांची, म्हणजे केवळ काम पाहण्यासाठी सोपविलेल्या पेजांची. जाहिरातीचा धंदा करणाऱ्याकडे दुकानाचे पेज दुसऱ्या यादीत असावयास हवे. ते पहिल्या यादीत असले तर मालकी त्याची झाली, मग नाव कोणाचेही असो.

आणखी एक बारीक गोष्ट. मोठी यादी एकदम येत नाही; ती हप्त्याहप्त्याने येते. एका हप्त्याच्या शेवटी पुढचा हप्ता मागण्यासाठी खूण दिलेली असते. गूगलच्या अशाच यादीत काही न सांगितल्यास एका वेळी दहाच ठिकाणे येतात, आणि सांगितले तरी शंभराच्या वर जाता येत नाही. चौदा शाखांच्या मालकाने पहिला हप्ता पाहिला तर चार शाखा नाहीशा झाल्या असे त्याला वाटेल. "यादी संपली असे पुढची खूण न आल्यावरच समजावे" हे वाक्य पुस्तिकेत ठळक अक्षरांत असावे.

रिकामी यादी

आता त्या दुकानाकडे परत येऊ. सुनेने आपल्या खात्याने प्रवेश केला आणि साधनाने यादी दिली. यादीत एकच पेज होते. कामांच्या रकान्यात मजकूर घालणे आणि आकडे पाहणे एवढेच होते; व्यवस्थापन नव्हते. जुन्या क्रमांकाचे ते पेज यादीत नव्हतेच. तिने विचारले, "मग बाकीची गेली कुठे?"

पुस्तिका लिहिणाऱ्याची कसोटी या प्रश्नाला लागते. यादीत जे आले त्याचे वर्णन करणे सोपे आहे. जे आले नाही ते का आले नाही, हे लिहिणे अवघड आहे, आणि वापरणाऱ्याला गरज असते ती त्याचीच. खिडकीच्या दृष्टीने अपुरी यादी किंवा अगदी रिकामी यादी ही चूक नसते. अर्ज बरोबर, उत्तर बरोबर, चुकीचा क्रमांक नाही. यंत्र समाधानी असते, माणूस मात्र घाबरलेला असतो.

म्हणून आम्ही रिकाम्या यादीसाठी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण केले आणि कारणे क्रमाने मांडली. पहिले कारण, विचारणाऱ्याच्या हाती खरोखरच एकही पेज नाही. दुसरे, पेज आहे, पण प्रवेश करताना त्याने यादी पाहण्याची परवानगी दिलेली नाही, किंवा काही पेजांनाच दिली आहे. संमतीच्या पडद्यावर पेजांपुढच्या चौकोनांत खुणा करावयाच्या असतात, आणि घाईत त्या राहून जातात. तिसरे, पेज एखाद्या व्यावसायिक खात्याखाली ठेवलेले आहे, आणि त्यासाठी लागणारी 'बिझनेस मॅनेजमेंट' ही दुसरी परवानगी साधनाने मागितलेलीच नाही. चौथे, पेज दुसऱ्या कोणाच्या खात्यावर आहे. आणि पाचवे, ते पेज कोणाच्याच हाती नाही. गिऱ्हाइके एखाद्या ठिकाणी आल्याची नोंद करतात तेव्हा फेसबुकवर त्या ठिकाणाचे पेज आपोआप तयार होऊ शकते. ते दुकानाचे नाव मिरविते, पण त्याला वाली नसतो, म्हणून ते कोणाच्याच यादीत येत नाही.

या पाच कारणांची पडताळणी त्या दुकानाच्या बाबतीत केली तेव्हा सगळा पट उलगडला. एक पेज २०१२ साली पुतण्याने काढले होते. तो आता पुण्यास नोकरीला आहे. दुसरे कामावरच्या एका मुलाने काढले होते, तो कधीच सोडून गेला. जुना क्रमांक होता तो याच पेजवर. तिसरे २०२० च्या टाळेबंदीत घरपोच मालासाठी एका जाहिरात करणाऱ्याने काढून दिले होते. सुनेच्या यादीत आले ते हेच. चौथे आपोआप उगवलेले. दुकान एक, नाव एक, आणि पाट्या चार. त्यांतली एकही पूर्णपणे दुकानाच्या ताब्यात नव्हती.

उताऱ्याबरोबर किल्ली

येथे एक धोका सांगणे अगत्याचे आहे. उत्तराच्या रकान्यांत पेजपुरते एक टोकन येते असे आम्ही वर म्हटले. हे टोकन म्हणजे त्या पेजची किल्ली आहे. ज्याच्या हाती ते पडेल त्याला, दिलेल्या परवानगीच्या मर्यादेत, त्या पेजवर लिहिता-खोडता येते. आणि साठ दिवसांच्या टोकनावरून मिळविलेल्या या किल्लीला ठरावीक मुदतही नसते. आठ-अ च्या नकलेबरोबर कोठाराची किल्लीही त्याच पाकिटात यावी, असा हा प्रकार. म्हणून मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापू नये, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये, मदत मागताना त्याचे छायाचित्र कोणाला पाठवू नये. पुस्तिकेतील नमुन्यातही खरे टोकन कधी देऊ नये. आम्ही आमच्या नमुन्यात त्या जागी "येथे टोकन असते" एवढेच लिहिले आहे.

मग असा प्रश्न येईल की फेसबुकने ही यादी विचारणाऱ्यापुरतीच का ठेवली? दुकानाचे नाव सांगितले की सगळी पेजेस व ती सांभाळणारी माणसे दाखविली असती, तर काम सोपे झाले नसते काय? सोपे झाले असते, पण चोरांचेही झाले असते. खिडकी सैल ठेवल्याने काय होते याचा अनुभव मार्च २०१८ मध्ये जगाला आला. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीपर्यंत लोकांची खाजगी माहिती पोहोचली होती ती एका प्रश्नावलीच्या अ‍ॅपमधून. अ‍ॅप घेणाऱ्याने परवानगी दिली की त्याच्या मित्रांचीही माहिती मिळे. फेसबुकने दिलेल्या अंदाजानुसार भारतात ते अ‍ॅप ३३५ जणांनी घेतले होते, आणि झळ पोहोचण्याचा संभव होता तो ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांना. जगभरचा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत जात होता. मित्रांच्या माहितीची वाट फेसबुकने त्याआधीच, २०१४-१५ मध्ये, बंद केली होती. २०१८ नंतर तर बहुतेक खिडक्यांवर कडक तपासणी आली. यादी अपुरी येते म्हणून आपण कुरकुरतो, पण तिच्या अपुरेपणातच कोणाचे तरी संरक्षण आहे.

गावोगावचे उतारे

आठ-अ एका गावापुरता असतो. तळोज्यात जमीन असेल आणि उरणलाही असेल, तर दोन उतारे काढावे लागतात. समाजमाध्यमांचेही तसेच आहे. फेसबुकचा तलाठी गूगलच्या गावचे काही सांगत नाही.

इन्स्टाग्रामचे व्यावसायिक खाते फेसबुक पेजशी जोडलेले असेल, तर त्या पेजच्या माहितीतच त्याचा क्रमांक मिळतो. जोडलेले नसेल तर या वाटेने तो मिळत नाही. गूगलच्या नकाशावर दुकानाची जी नोंद दिसते ती गूगल बिझनेस प्रोफाइल. २०२१ पर्यंत तिचे नाव गूगल माय बिझनेस होते. तिथे आधी खाती आणि मग प्रत्येक खात्याखालची ठिकाणे, अशी दोन पायऱ्यांची यादी मागावी लागते. यूट्यूबच्या खिडकीवर 'माइन', म्हणजे 'माझी', असे सांगून वाहिनी विचारतात. तिथे साधारणतः दिवसाला दहा हजार एककांचा शिधा ठरलेला असतो, आणि यादीच्या एका अर्जाला एक एकक खर्च होते. लिंक्डइनवर सभासदाची ज्या संस्थांच्या पेजवर नेमणूक आहे त्यांची यादी मिळते. प्रत्येक ठिकाणी शब्द वेगळे, पण प्रश्नातला 'मी' तोच.

ही सर्व उत्तरे गोळा करून एका तक्त्यात मांडणे एवढेच आमच्या साधनाचे काम. त्या तक्त्यात आम्ही दोन रकाने आग्रहाने वाढवून घेतले : ही यादी कोणाच्या खात्याने मागितली, आणि कोणत्या तारखेस. तारीख नसलेला उतारा कोणी कचेरीत घेत नाही. मग ही यादी तरी तारखेवाचून का मानावी? खिडक्याही बदलत असतात. ग्राफ एपीआयची प्रत्येक आवृत्ती निदान दोन वर्षे चालते, पुढे ती बंद होते. म्हणून पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि पुस्तिका तपासल्याची तारीख हवी.

आणि कधी गावच उठते. गूगल प्लस हे माध्यम सर्वसामान्यांसाठी २ एप्रिल २०१९ रोजी बंद झाले, आणि तिथे मांडलेली पेजेसही गेली. विमानतळासाठी ज्या दहा गावांना आपली घरे सोडावी लागली, तेथील लोकांना गाव उठणे म्हणजे काय हे सांगावयास नको. तिथे निदान कागदोपत्री नोंद राहिली, भरपाईची आणि पुनर्वसनाची मागणी तरी करता आली. इथे तशी कचेरी नाही. म्हणून आपले फोटो, गिऱ्हाइकांचे अभिप्राय, पत्ते यांची एक प्रत आपल्या घरी असावी.

दुकानदाराने काय करावे

ज्यांना एपीआयशी काही कर्तव्य नाही त्यांनी या सगळ्यातून काय घ्यावे, ते थोडक्यात सांगतो.

सलोखा आहे तोवरच यादी करावी. भांडण झाल्यावर, माणूस सोडून गेल्यावर किंवा फोन हरवल्यावर यादी मागणे म्हणजे विहीर आटल्यावर पोहरा शोधणे. दुकानाच्या वतीने ज्याने ज्याने कधी काळी पेज काढले असेल त्या प्रत्येकाकडून त्याची यादी मागवावी. एकट्या मालकाच्या यादीवर विसंबू नये. कामांचा रकाना वाचावा, आणि संपूर्ण व्यवस्थापन घरातील निदान दोघांकडे आहे याची खात्री करावी. शेतजमिनीला वारसनोंद असते. पेजला तशी नसते. एकट्याच्याच हाती असलेले पेज त्याच्यामागे आपोआप मुलाबाळांच्या नावावर चढत नाही. जाहिरात करणाऱ्याशी काम ठरविताना पेजची मालकी दुकानाची राहील असे कागदावर लिहून घ्यावे. आणि दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजतो, त्या दिवशी पेजांची यादीही ताजी करून, तारीख घालून, दुकानाच्या परवान्यांच्या फायलीत ठेवावी. या कामाला अर्धा तास पुरतो.

त्या दुकानाचे पुढे काय झाले, हे आपण विचारणारच. पुतण्याला फोन गेला आणि त्याच रात्री त्याने काकूला व काकांना पूर्ण अधिकार देऊन टाकले. आपल्याकडे असे काही आहे हे तो विसरलाच होता. जाहिरात करणाऱ्याकडे तपास केला, तेव्हा पेज त्याच्या मालकीच्या यादीत निघाले. त्याचे जुने बिल थकलेले होते. ते चुकते झाले आणि पेज दुकानाच्या खात्यात आले. दोन्ही बाजूंनी थोडी टाळाटाळ झाली होती, हे दोघांनीही मान्य केले. आपोआप उगवलेल्या पेजवर हक्क सांगणारा अर्ज दिला आहे.

राहिले जुन्या क्रमांकाचे पेज. कामावरचा तो मुलगा सापडला, मोठ्या मनाने मदतीलाही आला. पण ज्या खात्यावरून त्याने ते काढले होते ते खाते त्याच हरवलेल्या क्रमांकावर होते, आणि त्याला स्वतःलाही आत जाता येईना. ते पेज अजून तसेच उभे आहे. त्यावर दुकानाचे नाव आहे, आजोबांच्या वेळच्या दुकानाचा फोटो आहे, आणि चुकीचा क्रमांक आहे. दुकानाच्या सुनेने गल्ल्याशेजारी एक लहान पाटी लावली आहे : "आमचा खरा नंबर हा." पेंटरकडून रंगवून घेतलेली आहे.

आमच्या पुस्तिकेच्या शेवटी 'ही यादी काय सांगत नाही' असे एक पान आहे. ते त्या पाटीकडे पाहून लिहिले. हाती पुस्तिका पडली तर आपण ते पान आधी वाचावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.